थोरलं चालतं, धाकटं तान्हं: डबल स्ट्रोलर निवडताना काय पाहायचं

थोरलं दीड-दोन वर्षांचं आणि धाकटं पोटात असलं की सातव्या-आठव्या महिन्यात डबल स्ट्रोलरचा, म्हणजे दोन मुलांना बसवून ढकलायच्या बाबागाडीचा, विषय निघतोच. बहुतेक घरांत आधी मोबाइलवर रंग पसंत होतो, मग गाडी येते आणि बेडरूमच्या दारात अडकते. म्हणून सुरुवात मोजपट्टीपासून करा.

बाळंतपण माहेरी भुसावळला आणि राहणं धुळ्याला असेल, तर मापं धुळ्याच्या घराची घ्या. माहेरी दोन-तीन महिने निघतील, गाडी मात्र पुढची दीड-दोन वर्षं सासरच्या दारातून आत-बाहेर करायची आहे. तीन फुटी दार म्हणजे तीन फूट वाट, असं नसतं. 90 सेंमीच्या चौकटीतून दोन्ही बाजूंच्या लाकडाची जाडी वजा होते, उघडलेल्या फळीची जाडी वजा होते, आणि मोकळी वाट 75 ते 78 सेंमीच उरते. दार पूर्ण उघडून, सगळ्यात अरुंद जागी मोजा. मग लिफ्टचं दार, जिन्याचं वळण, ओट्याच्या पायऱ्या आणि उंबरठ्याची उंची. अडीच इंचांचा उंबरठा रिकामी गाडी सहज ओलांडते, दोन मुलं बसली की रोज मनगटावर येतो. शेवटचं माप कारच्या डिक्कीचं. सीएनजीची टाकी असेल तर उरलेल्या जागेचं माप घ्या, कंपनीने छापलेल्या लिटरवर जाऊ नका.

शेजारी-शेजारी की मागे-पुढे

शेजारी-शेजारी बसायची गाडी साधारण 72 ते 80 सेंमी रुंद असते, मागे-पुढे बसायची 60 ते 65 सेंमी. वरच्या मापांवरून अर्धा निर्णय इथेच होतो. जळगावच्या फुले मार्केटसारख्या गर्दीत रुंद गाडी घेऊन शिरणं म्हणजे दर दहा पावलांवर थांबणं. श्रावणात कानबाईच्या मिरवणुकीतही तेच. मोकळ्या रस्त्याला, मेहरूण तलावाच्या फेरीला किंवा कॉलनीत मात्र रुंद गाडी छान चालते, कारण दोन्ही मुलं डोळ्यांसमोर राहतात आणि दोघांचं छप्पर वेगवेगळं असल्यामुळे ऊन ज्या बाजूने येतं तेवढंच छप्पर ओढता येतं.

रुंद गाडीची खोड अशी की थोरलं 12 किलोचं आणि धाकटं 4 किलोचं असलं की गाडी जड बाजूला ओढते. आपल्याकडचे रस्ते मधून उंच आणि कडेला उतरते असतात, त्यामुळे ही ओढ आणखी जाणवते. जड मूल रस्त्याच्या चढत्या बाजूला बसवलं की ओढ बरीच कमी होते. शिवाय थोरल्याचा हात धाकट्यापर्यंत पोचतो. दोन सीटांमध्ये उंच पडदा नसेल, तर लाडाने ओढलेल्या टोपीपासून तोंडात घातलेल्या शेंगदाण्यापर्यंत सगळ्यावर नजर ठेवावी लागेल.

मागे-पुढेच्या गाडीत बाळाची जागा बहुधा मागे, थोड्या खालच्या बाजूला असते. तिथे वारा कमी लागतो, हे आपल्या हवेत महत्त्वाचं. पुढे जड मूल असल्यामुळे खड्ड्याच्या कडेला पुढची चाकं उचलायला दांडा जोरात खाली दाबावा लागतो. आणखी एक: थोरल्याला पुढच्या पायठेवणीवर पाय देऊन स्वतः चढू देऊ नका. त्या वेळी सगळा भार पुढच्या चाकांच्याही पुढे जातो आणि गाडी नाकावर येते. उलटा प्रकार भाजीच्या पिशवीने होतो. पिशवी दांड्याला टांगलेली, पुढचं मूल उतरलं, की गाडी मागे कलंडते. उतरताना आधी ब्रेक, मग पिशव्या, मग मुलं, हा क्रम ठेवा.

तान्ह्याची सीट

इथे तडजोड करू नका. बाळाची मान धरेपर्यंत, म्हणजे ढोबळ मानाने पहिले सहा महिने, सीट पूर्ण सपाट व्हायला हवी. अर्धवट बसत्या स्थितीत तान्ह्या बाळाचं डोकं पुढे झुकतं, हनुवटी छातीला टेकते, श्वासाची वाट दबते, आणि बाळ रडत नाही म्हणून ते कुणाच्या लक्षातही येत नाही. जाहिरातीतल्या ‘रिक्लाइन’ या शब्दावर विसंबू नका. दुकानात सीट शेवटच्या खाचेपर्यंत पाडा आणि त्यावर पाण्याची भरलेली बाटली आडवी ठेवून पाहा. बाटली घरंगळली तर उतार राहिला आहे. पाठीचा भाग मऊ झोळीसारखा खाली लोंबत असेल तरी ती सीट तान्ह्यासाठी नको.

दुसरी खातरजमा अशी की दोन्हींपैकी कोणती सीट सपाट होते? पुष्कळ गाड्यांत एकच सीट पूर्ण पडते आणि तीही पुढच्या सीटची पाठ उभी असेल तेव्हाच. दोन्ही सीट एकाच वेळी हव्या त्या स्थितीत लावून बघा. थोरलं दुपारी झोपलं आणि त्याची पाठ पाडल्याबरोबर ती बाळाच्या डोक्यावर आली, असं व्हायला नको.

पट्टे पाच टोकांचे हवेत: दोन खांद्यांवरून, दोन कमरेवरून, एक मांड्यांमधून. मांड्यांमधला पट्टा नसेल तर मूल खालून सरकतं आणि पट्टा गळ्याशी येतो. पट्टा आणि छातीच्या मधे दोन बोटं जातील, इतकाच सैल ठेवा. बकल थोरल्याला स्वतः उघडता येऊ नये, आणि तुम्हाला मात्र एका हाताने उघडता यायला हवं.

वजनाची मर्यादा सीटप्रमाणे पाहा. युरोपीय मानक ईएन 1888 चा पहिला भाग 15 किलोपर्यंतच्या मुलांसाठी आहे, दुसरा 22 किलोपर्यंतच्या. आज दोन वर्षांचं 12 किलोचं मूल वर्ष-दीड वर्षात 15 किलोच्या जवळ पोचतं, म्हणून थोरल्याची सीट दुसऱ्या भागातली असली तर गाडी जास्त दिवस टिकते. अमेरिकी मानकाचा क्रमांक एएसटीएम एफ 833 आहे. दोन्हींपैकी एकही क्रमांक गाडीवर किंवा पुस्तिकेत नसेल तर दुसरी गाडी बघा.

चाकं

आपल्या भागात गाडीचा कस चाकांवर लागतो. पाच-साडेपाच इंचांची जुळी प्लॅस्टिक चाकं मॉलच्या फरशीसाठी असतात. पेव्हर ब्लॉकच्या फटीत, गटाराच्या जाळीत ती अडकतात आणि गाडी जागीच थबकते. मागची चाकं निदान आठ इंचांची, शक्यतो दहा इंचांची घ्या. हवा भरायची चाकं सगळ्यात मऊ चालतात, पण बाभळीचा एक काटा पुरतो. तालुक्याच्या गावी राहत असाल तर भरीव फोमची किंवा पीयूची (पॉलियुरेथेनची) चाकं बरी, थोडा धक्का जास्त बसतो इतकंच. पुढची चाकं फिरती हवीत आणि खडबडीत रस्त्यावर सरळ लॉक करता यायला हवीत. लॉक नसेल तर खडीवर ती थरथरतात आणि आडवी होतात.

पावसाळ्यात काळ्या मातीचा चिखल चाक आणि फ्रेमच्या मधल्या जागेत भरतो. तिथे बोट सहज जाईल इतकी मोकळी जागा असलेलीच गाडी घ्या. ज्यांच्या दारापासून रस्त्यापर्यंत कच्ची माती आहे, त्यांना पावसाळ्यात कोणतीच डबल गाडी नीट चालणार नाही. चार महिने बाळ कापडी कॅरिअरमध्ये आणि थोरलं हाताला धरून, हेच सोयीचं.

दुकानात गेल्यावर

रिकामी गाडी प्रत्येक दुकानात लोण्यासारखी फिरते. तिचा खरा स्वभाव वजन टाकल्यावर कळतो. घरून दहा किलो ज्वारीची पिशवी आणि दोन किलोची कळण्याच्या पिठाची पिशवी न्या, थोरल्याच्या सीटवर दोन्ही ठेवा, बाळाच्या सीटवर तीन-चार किलोचं काही ठेवा आणि पट्टे लावा. मग एका हाताने ढकला. एका जागी वळवा. दुकानाच्या पायरीवर पुढची चाकं चढवून पाहा. दुसऱ्या हातात बहुतेक वेळ डबा, फाइल नाहीतर थोरल्याचं बोट असणार आहे, त्यामुळे एका हाताने न वळणारी गाडी घेऊ नका.

ब्रेक लावून उतारावर उभी करा. एका पायाने दाबल्यावर मागची दोन्ही चाकं एकदम अडली पाहिजेत. दोन चाकांना दोन वेगळे ब्रेक असतील तर घाईत एक राहून जातोच. चप्पल घालून ब्रेक वर उचलून पाहा, कारण काही ब्रेक बुटाशिवाय उचलताच येत नाहीत.

घडी दोनदा स्वतः घाला. घडी घालताना आणि उघडताना बोट सापडेल अशा सांध्यांवर झाकण आहे का, उघडल्यावर दुसरं लॉक आपोआप बसतं का, हे बघा. डबल गाडीचं वजन 12 ते 16 किलो असतं. लिफ्ट नसलेल्या दुसऱ्या मजल्यावर राहत असाल तर ती रोज वर कोण नेणार, हे आधी ठरवा. बाळाच्या सहाव्या, दहाव्या आणि चौदाव्या आठवड्याच्या लसींना दवाखान्यात जावं लागतं, आणि बालरोगतज्ज्ञांचे दवाखाने कितीतरी ठिकाणी पहिल्या मजल्यावर असतात. गाडी खाली सुरक्षित राहील अशी जागा आहे का, तेही बघून या.

जुनी गाडी मिळत असेल तर फ्रेमचे सांधे उजेडात धरून तडे शोधा, बकल वीसेक वेळा उघड-बंद करा, ब्रेक वजन टाकून तपासा. मांड्यांमधला पट्टा हरवलेली गाडी कितीही स्वस्त असली तरी परत करा.

उन्हाळा

जळगाव-भुसावळचा पारा मे महिन्यात 45 अंशांच्या आसपास जातो आणि आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) माहेरी जायची घाई नेमकी त्याच दिवसांत असते. सकाळी आठच्या आत किंवा संध्याकाळी ऊन उतरल्यावरच बाहेर पडा. गाडीवर ओढणी किंवा चादर टाकून सावली करायची सवय मोडा, कारण आत हवा खेळत नाही, उष्णता साठते आणि झाकलेलं बाळ दिसतही नाही. छपराला मागून जाळीची खिडकी असलेली, खालपर्यंत येणारं छप्पर असलेली गाडी घ्या. धातूचं बकल उन्हात तापतं, मूल बसवण्याआधी हात लावून बघा. सहा महिन्यांखालच्या बाळाला उन्हाळ्यातही वरचं पाणी द्यायचं नाही, अंगावर जास्त वेळा पाजायचं. म्हणून रस्त्यात सावलीत थांबायच्या जागा धरूनच फेरी आखा.

एसटीने किंवा रेल्वेने जायचं असेल तर डबल गाडी घरीच ठेवा. फलाटावर दोन मुलं उतरवून, घडी घालून, डब्यात चढवायला किमान दोन मोठी माणसं लागतात.

डबल खरंच हवी का

थोरलं दोन वर्षांच्या आतलं असेल तर डबल गाडीचा उपयोग होतो. अडीच-तीन वर्षांचं असेल तर पूर्ण सपाट होणारी चांगली एकेरी गाडी आणि मागे जोडायची उभं राहायची फळी, ही जोडी बहुतेक घरांना पुरते. फळीवर साधारण 15 ते 20 किलोपर्यंतचं मूल उभं राहतं, नक्की आकडा तिच्यावर छापलेला असतो. ती तुमच्याच गाडीच्या फ्रेमला बसते का, हे गाडी सोबत नेऊन तपासा. चालताना तुमची नडगी फळीला लागते का, तेही पाहा. उंच माणसांना ही अडचण हमखास येते. थोरलं दोन्ही हातांनी दांडा धरून उभं राहायला तयार नसेल, मधेच उडी मारत असेल, तर फळी अजून सहा महिने लांबवा.

गाडी घरी आली की महिन्यातून एकदा चाकं काढून आसाभोवती गुंडाळलेले केस, सुतळी आणि कापसाचे तंतू काढा, जुन्या टूथब्रशने माती झाडा आणि सिलिकॉन स्प्रे मारा. शिलाई मशीनचं तेल घालू नका, त्यावर धूळ बसून घट्ट लेप होतो आणि चाक जड फिरायला लागतं. खोका, बिल आणि पुस्तिका परत द्यायची मुदत संपेपर्यंत जपून ठेवा, आणि त्या मुदतीतच दोन्ही मुलं बसवून घरातल्या प्रत्येक दारातून गाडी एकदा काढून पाहा.