गेमच्या वस्तूंचा ट्रेडिंग बॉट चालवून पैसे सुटतात का? आधी हिशेब असा मांडा

बॉट, म्हणजे आपल्याऐवजी आपोआप देवघेव करणारा प्रोग्राम, रात्रभर चालू ठेवायचा, तो स्वस्तात वस्तू घेणार, चढ्या भावानं विकणार आणि सकाळी उठून आपण नफा मोजायचा, असं सांगणारे व्हिडिओ भरपूर आहेत. त्यांत खोटं फारसं नसतं. बॉट खरंच रात्रभर देवघेव करतो. त्या देवघेवीतून शेवटी हातात किती उरलं, हे मात्र क्वचितच कुणी कागदावर मांडून दाखवतं. माझं मत आधीच सांगणं बरं: पाच-दहा हजारांच्या भांडवलावर घरून चालवलेला बॉट सर्व्हरचं भाडं काढून वर थोडे पैसे देऊ शकतो, तुमच्या वेळेची मजुरी मात्र देत नाही. तुमच्या बाबतीत हे कितपत लागू आहे ते एक रुपयाही गुंतवण्याआधी कळू शकतं. ते कसं, ते टप्प्याटप्प्यानं पाहू.

१. आधी नियम पाहा, मग खेळ निवडा

रून्स्केप, वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट, ईए एफसी या खेळांत बॉट सापडला की खात्यावर कारवाई होते. तिथे नफ्याचा विचारच करू नका. स्टीमवर, म्हणजे व्हॉल्व्ह कंपनीच्या ऑनलाइन गेम-दुकानावर, परिस्थिती थोडी वेगळी आहे. स्टीमच्या करारानुसार कम्युनिटी मार्केटवरची, म्हणजे स्टीमच्या स्वतःच्या वस्तूबाजारातली, खरेदी-विक्री बॉटकरवी करायला स्पष्ट मनाई आहे. खेळाडूंमधली थेट अदलाबदल, म्हणजे ट्रेड ऑफर, हाताळणारे बॉट मात्र वर्षानुवर्षं उघडपणे चालत आले आहेत.

चालत आले आहेत म्हणजे त्यांना हक्क मिळाला असं समजू नका. जुलै २०१६मध्ये स्किन (खेळातल्या शस्त्रांची सजावट) लावून जुगार खेळवणाऱ्या साइटना व्हॉल्व्हनं नोटिसा पाठवल्या, तेव्हा त्या साइटचे बॉटही असेच उघडपणे चालत होते. शिवाय करारानुसार या वस्तू तुमच्या मालकीच्या नसतात, फक्त वापरायचा परवाना तुमचा असतो. खातं बंद झालं की त्यातला सगळा माल गेला. म्हणून यात उसने पैसे किंवा घरखर्चातले पैसे घालू नका.

हा लेख स्टीमवरच्या दोन खेळांपुरता आहे: काउंटर-स्ट्राइक २ आणि टीम फोर्ट्रेस २.

२. कटणारे पैसे एका वस्तूवर मोजा

स्टीम मार्केटवर या दोन्ही खेळांच्या वस्तूंवर ५ टक्के स्टीमचे आणि १० टक्के खेळाचे असे १५ टक्के लागतात, आणि ते विक्रेत्याला मिळणाऱ्या रकमेवर चढतात. म्हणजे घेणाऱ्यानं ११५ रुपये मोजले तर तुमच्या वॉलेटमध्ये १०० येतात. शंभराला घेतलेली वस्तू ११५ला विकली तर ना नफा, ना तोटा. आणि वॉलेटमधले पैसे बँकेत काढता येत नाहीत. त्यांतून गेम घ्या किंवा पुन्हा वस्तू घ्या.

रोख पैसे हवे असतील तर बाहेरच्या साइटवर विकावं लागतं. तिथलं कमिशन बहुतेक वेळा स्टीमपेक्षा कमी असतं, पण भावही स्टीमपेक्षा बराच खाली, पुष्कळदा वीस-तीस टक्क्यांनी कमी असतो. नवखे इथेच फसतात. खरेदी रोखीच्या भावानं मोजायची आणि विक्री स्टीमच्या भावानं दाखवायची, की कागदावर भरघोस नफा दिसतो. दोन्ही बाजू एकाच चलनात मोजा.

३. माल किती दिवस अडकतो ते पाहा

काउंटर-स्ट्राइकमध्ये २०१८च्या मार्चपासून ट्रेडमध्ये आलेली वस्तू सात दिवस पुढे देता येत नाही. म्हणजे तुमचं भांडवल महिन्यातून फार तर चार वेळा फिरतं, मग बॉट कितीही चपळ असो.

जुलै २०२५मध्ये त्यात ट्रेड प्रोटेक्शनची भर पडली. वस्तू देणारा सात दिवसांच्या आत आपले व्यवहार उलटवू शकतो. खातं चोरीला गेलेल्यांसाठी ही सोय चांगली आहे. बॉटवाल्यासाठी तिचा अर्थ असा, की समोरच्याला रोख पैसे आधी दिले आणि त्यानं सहाव्या दिवशी ट्रेड उलटवला, तर वस्तूही गेली आणि पैसेही. असे व्यवहार झेलायला पदरी मोठं भांडवल लागतं. माझ्या मते नवख्यानं काउंटर-स्ट्राइकच्या वाटेला जाऊ नये. तिथे मोठमोठ्या साइटचे स्वतःचे बॉट आहेत, आणि कमी फ्लोटची (म्हणजे कमी झिजलेली) किंवा दुर्मीळ पॅटर्नची (नक्षीची) स्वस्तात लागलेली वस्तू ते तुमच्या आधी उचलतात.

४. टीम फोर्ट्रेस २चा महिन्याचा हिशेब मांडा

सुरुवात करायचीच असेल तर ती या खेळात करा. इथलं चलन म्हणजे खेळातला धातू: दोन शस्त्रांचं एक स्क्रॅप, तीन स्क्रॅपचं एक रिक्लेम्ड, तीन रिक्लेम्डचं एक रिफाइंड. म्हणजे एका रिफाइंडचे नऊ स्क्रॅप. त्यावर चावी, म्हणजे बंद पेट्या (क्रेट) उघडायची किल्ली, जी खेळातल्या दुकानात २.४९ डॉलरला मिळते आणि खेळाडूंमध्ये रोखीनं त्याहून स्वस्त.

आता आकडे धरू. भाव रोज बदलतात, तेव्हा तुम्ही त्या दिवशीचे घाला. समजा चावी रोखीनं १५० रुपयांना जाते आणि खेळात तिचे ६० रिफाइंड येतात. म्हणजे एक रिफाइंड अडीच रुपयांचं, एक स्क्रॅप जेमतेम २८ पैशांचं.

शस्त्रं आणि किरकोळ वस्तूंवर व्यवहारामागे एक स्क्रॅप सुटतो असं धरा. दिवसाला ४० व्यवहार झाले तर ४० स्क्रॅप, म्हणजे साधारण ११ रुपये. महिन्याचे सव्वातीनशे ते साडेतीनशे. छोट्या व्हीपीएसचं (चोवीस तास चालू राहणाऱ्या भाड्याच्या सर्व्हरचं) भाडं ४०० रुपये धरलं तर हा बॉट तोट्यात आहे, जरी त्याच्या खात्यावर महिन्याला बाराशे व्यवहार दिसत असले तरी.

म्हणून सोबत टोप्या (खेळातल्या पात्रांना घालायच्या) ठेवाव्या लागतात. २० रिफाइंडला घेऊन साडेएकवीसला विकली तर दीड रिफाइंड, म्हणजे पावणेचार रुपये सुटतात. दिवसाला सहा टोप्या खपल्या तर महिन्याला ६७५ रुपये. दोन्ही मिळून हजाराच्या आसपास, भाडं वजा जाता सहाशे. यासाठी शंभरेक टोप्यांचा साठा, म्हणजे दोन हजार रिफाइंड, म्हणजेच पाच हजार रुपये अडकलेले असतात. टक्केवारीत हे आकर्षक दिसतं: महिन्याला १२ टक्के! पण भाव तपासणं, अडकलेल्या ऑफर सोडवणं, तक्रारींना उत्तर देणं यात दिवसाचा एक तास गेला, तर तासाला २० रुपये पडले.

भांडवल दसपट केलं की नफा दसपट, असंही होत नाही. पटकन खपणाऱ्या टोप्या मोजक्या, आणि त्याच टोप्या विकणारे बॉट ढिगानं. वाढीव पैसा मग न खपणाऱ्या मालात जातो.

आणखी एक गळती आहे. २०१२च्या सुमारास दोन-अडीच रिफाइंडला मिळणारी चावी आता पन्नासच्या वर गेली आहे, कारण खेळात धातू सतत तयार होत राहतो. तुमचा साठा धातूत पडून असेल तर तो झिजतोय. महिन्याचा ताळेबंद नेहमी चाव्यांत मांडा आणि जास्तीचा धातू लगेच चावीत फिरवा.

५. दोन आठवडे बॉटशिवाय चाचणी घ्या

बॅकपॅक डॉट टीएफ या साइटवर खेळाडूंच्या खरेदी-विक्रीच्या मागण्या दिसतात. तिथे वीस टोप्या निवडा. रोज एका ठरावीक वेळी प्रत्येकीचा सर्वांत चढा खरेदीभाव आणि सर्वांत उतरता विक्रीभाव वहीत लिहा. त्याच भावाला किती विक्रेते रांगेत उभे आहेत तेही लिहा. हा आकडा सर्वांत महत्त्वाचा आहे. तुमच्यासह बारा बॉट एकाच भावाला तीच टोपी विकत असतील, तर येणाऱ्या गिऱ्हाइकांतला बारावा हिस्सा तुमचा. दोन आठवड्यांनी चौथ्या टप्प्यातलं ‘दिवसाला सहा टोप्या’ तुमच्या वहीत एक किंवा दोन झालेलं असेल, तर तुमचं उत्तर तिथेच मिळालं.

६. खातं आणि सुरक्षितता

वहीतले आकडे पटले तरच पुढे जा. बॉटसाठी वेगळं खातं उघडा, आपलं जुनं गेम असलेलं खातं वापरू नका. त्या नव्या खात्यावर किमान ५ डॉलर खर्च झाल्याशिवाय ते मर्यादित राहतं आणि एपीआय की (प्रोग्रामला खात्याशी जोडणारी किल्ली) मिळत नाही. मोबाइल ऑथेंटिकेटर (लॉगिन आणि ट्रेडला मंजुरी देणारी फोनवरची सोय) सात दिवस चालू असल्याशिवाय ट्रेड होल्डवर जातात, म्हणजे काही दिवस अडकून राहतात, तेव्हा तो आधीच लावून ठेवा.

प्रोग्राम स्वतः लिहायची गरज नाही. टीएफ२ऑटोबॉट हा खुल्या कोडचा प्रोग्राम नोड जेएसवर (जावास्क्रिप्ट चालवणाऱ्या प्रणालीवर) चालतो. तो त्याच्या मूळ कोडभांडारातूनच घ्या. ‘तयार बॉट’ किंवा ‘डेस्कटॉप ऑथेंटिकेटर’ म्हणून फिरणाऱ्या फाइल उघडू नका. नकली ऑथेंटिकेटर देऊन खाती लुटणं हा जुना धंदा आहे.

बॉटला ऑथेंटिकेटरची दोन गुपितं द्यावी लागतात: एक लॉगिनचं, दुसरं ट्रेड मंजूर करायचं. ही ज्याच्या हाती लागतील त्याच्या हाती सगळा साठा. त्या फाइलचा स्क्रीनशॉट मदत मागायला म्हणूनही कुठे टाकू नका. आठवड्यातून एकदा खात्यावरची एपीआय की तपासा. तुम्ही न काढलेली की तिथे दिसली तर कुणीतरी आत शिरलंय. असे चोर तुमची खरी ऑफर रद्द करून त्याच नावाची, त्याच चित्राची दुसरी ऑफर पाठवतात.

७. भाव बॉटवर सोडू नका

आपोआप भाव ठरवायची सोय मोहात पाडते, आणि सर्वांत जास्त नुकसानही तिथेच होतं. प्रकार असा असतो: क्वचित विकली जाणारी एखादी टोपी कुणीतरी स्वस्तात गोळा करतो. मग दोन-तीन खात्यांवरून तिच्यासाठी चढ्या भावाच्या खोट्या मागण्या लावतो. आपोआप भाव उचलणारे बॉट त्या मागण्या पाहून आपला खरेदीभाव वाढवतात, आणि तो माणूस सगळा माल त्यांच्या गळ्यात मारतो. सकाळी बॉटच्या साठ्यात त्याच टोपीचे वीस नग सापडतात.

यावर उपाय सोपा आहे. प्रत्येक वस्तूची कमाल संख्या सुरुवातीला एकच ठेवा. महागड्या वस्तूंचे भाव हातानं घाला. चाचणीत ज्यांची रोज विक्री दिसली नाही त्या यादीत घेऊच नका. अनयुज्युअल टोप्या (खास चमक असलेल्या, दुर्मीळ) सुरुवातीला पूर्ण टाळा.

खेळ बनवणाऱ्यांच्या एका अपडेटनं बाजार उलटतो, हेही धरून चाला. जुलै २०१९मध्ये एका चुकीमुळे काही क्रेटमधून दर वेळी अनयुज्युअल टोपी निघू लागली आणि त्यांचे भाव कोसळले. ऑक्टोबर २०२५मध्ये काउंटर-स्ट्राइकमध्ये पाच लाल दर्जाच्या स्किन देऊन चाकू मिळवायची सोय झाली आणि चाकूंचे भाव एका दिवसात गडगडले. बॉट अशा वेळी जुन्या भावानं खरेदी करत राहतो. मोठा अपडेट आला की आधी त्याची खरेदी थांबवा, मग बातमी वाचा.

८. पैसे काढणं आणि दुकान बंद करणं

रोखीत विकताना अनोळखी माणसाशी परस्पर व्यवहार नको. आलेली रक्कम नंतर मागे घेतली जाऊ शकते, पण टीम फोर्ट्रेसमधली दिलेली चावी परत मागता येत नाही. नफ्यावर आयकर लागतो, म्हणून तारीख, वस्तू, भाव आणि कमिशन यांची नोंद पहिल्या दिवसापासून ठेवा आणि विवरणपत्र भरताना ती सीएला दाखवा.

तीन महिन्यांनी चाव्या मोजा. साठ्याची किंमत धरताना मागितलेला भाव धरू नका, त्या क्षणी कुणी देऊ करत असलेला भाव धरा. भाडं आणि वेळ वजा करून जे उरलं ते तुम्हाला पुरेसं वाटलं, तर चालू ठेवा. नाहीतर सगळ्या खरेदीच्या मागण्या काढून टाका, फक्त विक्री चालू ठेवून माल उतरवा, दर आठवड्याला भाव एक-दोन स्क्रॅपनं खाली आणा आणि आलेला धातू चावीत फिरवा. साठा संपला की एपीआय की रद्द करा, पासवर्ड बदला आणि सर्व्हरवरची गुपितांची फाइल पुसूनच व्हीपीएस सोडा.