बांध पायऱ्या-पायऱ्यांचा का झाला? सी++ मध्ये दशांश पूर्ण कसे छापायचे

शेतमोजणीच्या आकड्यांसाठी मी छोटे प्रोग्रॅम लिहितो. पुण्याजवळच्या एका शेताची मोजणी आली होती, यूटीएम या नकाशा-पद्धतीचे मीटरमधले आकडे. वाचले, फाइलीत लिहिले, नकाशावर टाकले, तर सरळसोट बांध जिन्यासारखा उतरलेला! फाइल उघडली. उत्तरेचा आकडा २०४८७६३.४२ हवा होता, तिथे २.०४८७६ई+०६. म्हणजे २०४८७६०. सव्वातीन मीटरच्या वर जमीन गायब. वीतभर बांधासाठी सख्खे भाऊ कोर्टात जातात, हे प्रोग्रॅमला कोण सांगणार?

काही सांगितलं नाही तर सी++ ची स्ट्रीम (आकडे पडद्यावर किंवा फाइलीत पाठवणारी वाट) एकूण ६ सार्थ अंक छापते. दशांशचिन्हानंतरचे ६ नव्हेत, डावीकडचे धरून ६. सात अंकी आकड्याचा एकक तिथेच उडतो. मेमरीतला आकडा मात्र शाबूत असतो, त्यामुळे दुरुस्ती फक्त छापण्याच्या ओळीत करायची.

आधी आयओमॅनिप हेडर घ्या. मग आकड्याच्या आधी स्ट्रीमला सेटप्रिसिजन(१७) द्या, किती अंक छापायचे ते त्याने ठरतं. डबल या दशांश आकड्याच्या प्रकारात अंकांसाठी ५३ बिट असतात. तोच आकडा परत जसाच्या तसा वाचता यावा, यासाठी १७ अंक पुरतात. फ्लोट या लहान प्रकाराला ९ पुरतात. हे पाठ करायचं नसेल तर लिमिट्स हेडरमधलं मॅक्स_डिजिट्स१० वापरा. शेजारचं डिजिट्स१० घेऊ नका, ते डबलला १५ देतं.

माझा अर्धा तास गेला तो भलत्याच कारणाने. सेटप्रिसिजन मी सीआउटला, म्हणजे पडद्यावर छापणाऱ्या स्ट्रीमला, दिलं होतं आणि आकडे जात होते फाइलीत. प्रत्येक स्ट्रीमची सेटिंग वेगळी. शिवाय एकदा दिलेलं प्रिसिजन त्या स्ट्रीमवर चिकटून राहतं. छपाईची रुंदी ठरवणाऱ्या सेटडब्ल्यूसारखं एका छपाईपुरतं नसतं.

१७ अंकांनी छापल्यावर दिसेल २०४८७६३.४१९९९९९९९९. घाबरू नका. ०.४२ बायनरीत नेमका मावत नाही, डबलने जवळात जवळचा आकडा धरलाय, तोच हा. फाइलीत तो असाच राहू द्या. शेतकऱ्याला द्यायच्या कागदावर मात्र फिक्स्ड आणि सेटप्रिसिजन(२) एकत्र द्या, म्हणजे २०४८७६३.४२ येईल. फिक्स्ड असलं की २ म्हणजे दशांशचिन्हानंतरचे अंक. ते विसरलात तर एकूण दोनच अंक, म्हणजे २ई+०६. बांध सोडा, अख्खा गाव नकाशावरून हलेल.

आकड्याचा मजकूर करून देणाऱ्या टू_स्ट्रिंगच्या वाटेला मी जात नाही. ते दशांशचिन्हानंतर ठरावीक ६ घरं देतं. मीटरला ती भरपूर, पण फार बारीक आकड्याचं सरळ ०.०००००० होतं. कंपायलर नवा असेल तर सी++१७ मधलं टू_चार्स बघा: परत वाचल्यावर तोच आकडा मिळेल इतकेच, कमीत कमी अंक ते छापतं. पायथॉन ३.१ पासून हेच आपणहून करतं.

एक गोष्ट छपाईने सुधारत नाही. व्हेरिएबलच फ्लोट असेल तर २०४८७६३.४२ चा आत शिरतानाच २०४८७६३.३७५ होतो. साडेचार सेंटिमीटर गेले ते गेले. म्हणून आधी डबल आहे ना ते बघा. मग फाइल लिहा, तीच परत वाचा आणि मूळ आकड्याशी थेट == ने ताडा. एक जरी ओळ जुळली नाही तर कुठेतरी ६ अंकांची स्ट्रीम अजून शिल्लक आहे.