एरोबॅटिक (हवेत कसरती करणारं) आरसी म्हणजे रिमोट कंट्रोलचं विमान: घरच्या टेबलावरच्या सेटिंगपासून पहिल्या लूप-रोलपर्यंत (ठाणे-नवी मुंबईकरांसाठी)

हायविंग ट्रेनर (शिकण्यासाठीचं, वर पंख असलेलं विमान) नीट उडवता यायला लागला, म्हणजे टेकऑफ, चक्कर आणि लँडिंग कोणाच्या मदतीशिवाय जमतंय, की पुढचं विमान एरोबॅटिकच घ्यावंसं वाटतं आणि घ्यावंही. फक्त एक गोष्ट आधी समजून घ्या. ट्रेनरची स्टिक सोडली की तो आपोआप सरळ होतो, हे विमान होत नाही. याचा पंख बॉडीच्या मधोमध असतो आणि त्याचा आकार वरून-खालून सारखाच असतो, त्यामुळे सुलटं असो नाहीतर उलटं, तुम्ही जसं ठेवाल तसं ते राहतं. हाच त्याचा गुण आहे, पण सेटिंगमध्ये जरा वाकडं राहिलं तर तेही प्रत्येक फिगरमध्ये (लूप-रोलसारख्या कसरतीत) दिसतं. बरेच जण व्हिडिओत हॉवर (नाक वर करून हवेत एका जागी थांबणं) बघतात आणि पहिल्याच दिवशी तेच करायला जातात. माझं ठाम मत आहे की आधी विमान हात न लावता सरळ उडलं पाहिजे, बाकीचं सगळं नंतर.

काय घ्यायचं

पहिलं विमान साधारण मीटरभर पंखाचं, ईपीपी फोमचं घ्या. हा फोम आपटला तर वाकतो, सहसा तुटत नाही आणि तुटलाच तर मैदानावरच चिकटवून परत उडवता येतो. डेप्रॉन किंवा थर्माकोलचं असेल तर फेव्हिक्विक लावू नका, फोम विरघळतो, हॉट ग्लू नाहीतर फोम-सेफ गोंद वापरा. पॉवरचा अंदाज सोपा आहे, एक किलो वजनाला ३०० वॅटच्या आसपास असलं की विमान सरळ वर चढतं. रेडिओ (हातातला ट्रान्समीटर) ६ चॅनलचा, ड्युअल रेट (स्विचने हालचाल कमी-जास्त करणं) आणि एक्स्पो (स्टिकच्या मध्याजवळची हालचाल मऊ करणं) असलेला हवा. वायर, कनेक्टर, सोल्डरिंगचं सामान लॅमिंग्टन रोडला मिळून जातं. आणि विमानाच्या आधी सिम्युलेटर घ्या. पिकासिम मोबाईलवर फुकट आहे, रियलफ्लाइट विकत घ्यावा लागतो, पण पावसाळ्याचे चार महिने तसंही उडवता येत नाही तेव्हा दोन्ही उपयोगी पडतात.

टेबलावरचं काम

सगळ्यात आधी प्रॉप (पुढचा पंखा) काढा. काढलाच नाही आणि मोटर चालू झाली तर बोटं जातात, यात सूट नाही.

मग रेडिओमधले सगळे ट्रिम आणि सब-ट्रिम (मध्य किंचित सरकवणाऱ्या सेटिंग) शून्यावर आणा, रिसीव्हर चालू करा आणि प्रत्येक सर्व्होचा (पंख-शेपटीचे भाग हलवणाऱ्या छोट्या मोटरचा) आर्म पुशरॉडला (त्या भागापर्यंत जाणाऱ्या काडीला) बरोबर काटकोनात बसतोय का ते बघा. सहसा एकदम बसत नाही, कारण आर्मच्या आत बारीक दाते असतात आणि एक दाता इकडे सरकवला तरी आर्म थोडा तिरका राहतो. मग आर्म काढून १८० अंश फिरवून बसवून बघा, दुसऱ्या बाजूने बऱ्याचदा जास्त जवळ येतो, आणि उरलेला अगदी थोडा फरक तेवढा सब-ट्रिमने काढा. सरफेस (पंख-शेपटीचे हलणारे भाग) मध्यावर आणायला मात्र सब-ट्रिम वापरू नका, त्यासाठी पुशरॉडची लांबी कमी-जास्त करा. लोक इथेच कंटाळा करतात आणि मग एलेव्हेटर (शेपटीचा आडवा सरफेस, नाक वर-खाली करतो) वर १५ अंश आणि खाली ११ अंश जातो आणि उलटं उडताना हे विमान असं का करतंय हा प्रश्न पडतो.

लो रेटवर थ्रो (सरफेसची हालचाल) कमी ठेवायचा आहे ना, मग पुशरॉड सर्व्हो आर्मच्या आतल्या भोकात आणि सरफेसवरच्या हॉर्नच्या बाहेरच्या भोकात लावा. सर्व्होची पूर्ण हालचाल वापरली जाते, जोर वाढतो आणि लिंकेजमधली ढिलाई सरफेसपर्यंत कमी पोचते. नुसते रेडिओत टक्के कमी केले तर यातलं काहीच मिळत नाही.

सुरुवातीचे आकडे असे ठेवा: एलेव्हेटर १० ते १२ अंश, एलेरॉन (पंखांवरचे सरफेस) १२ ते १५, रडर (शेपटीचा उभा सरफेस) २५. सरफेस ५ सेंटीमीटर रुंद असेल तर १२ अंश म्हणजे त्याची मागची कड साधारण १ सेंटीमीटर वर-खाली होते, फूटपट्टी लावून मोजा. एक्स्पो २५-३० टक्के, म्हणजे स्टिकच्या मध्याजवळ हालचाल मऊ राहते. चिन्ह नीट बघा, फुटाबाच्या रेडिओत मऊ करायला उणे लागतं आणि स्पेक्ट्रमच्या रेडिओत अधिक, उलटं झालं तर मध्यावरच विमान एकदम तिखट होतं. खात्री करायची तर स्टिक अर्धी न्या, सरफेस अर्ध्यापेक्षा कमी हलला पाहिजे. ४५ अंशांचे थ्रीडी रेट (हॉवरसारख्या कसरतींचे मोठे थ्रो) या लिंकेजवर मिळणार नाहीत, ते हवे असतील तेव्हा पुशरॉडची भोकं बदलून दुसऱ्या स्विचवर टाका आणि पहिले काही दिवस त्याला हात लावू नका.

दिशा विमानाच्या मागे उभं राहून तपासा. एलेरॉन स्टिक उजवीकडे नेली की उजवा एलेरॉन वर, एलेव्हेटर स्टिक स्वतःकडे ओढली की एलेव्हेटर वर, रडर स्टिक उजवीकडे तर रडर उजवीकडे. मग फेलसेफ, म्हणजे सिग्नल तुटला तर विमान काय करतं: प्रॉप काढलेलाच आहे, थ्रॉटल थोडा द्या आणि ट्रान्समीटर बंद करा, मोटर थांबलीच पाहिजे. थ्रॉटल कट (मोटर लगेच बंद करणारी सेटिंग) एका स्विचवर घ्या.

आता सीजी, म्हणजे तोल. बॅटरीसकट, उडवायला नेणार अगदी तसंच विमान तयार करा आणि पंखाखाली दोन्ही बाजूंना पेनाने खूण करा. मॅन्युअलमध्ये जी रेंज दिली असेल त्यातली पुढची खूण घ्या, मॅन्युअल नसेल तर पंखाच्या सरासरी रुंदीच्या २५ ते ३० टक्के, पुढच्या कडेपासून मोजून. दोन बोटांवर उचला, नाक किंचित खाली किंवा सपाट राहिलं पाहिजे. शेपूट खाली गेली तर वजन न लावता आधी बॅटरी पुढे सरकवा. मग स्पिनर (प्रॉपचं टोपण) आणि शेपूट धरून उचला आणि कुठला पंख खाली जातो ते बघा, हलक्या पंखाच्या टोकाला चिकटपट्टीखाली थोडं वजन लावायचं. हे न केल्यामुळे लूप वाकडा होतो आणि लोक रडरला दोष देत बसतात.

जागा आणि हवा

आपल्याकडे जागेचा प्रश्न आधीच होता, आता नवी मुंबईचा विमानतळ २५ डिसेंबर २०२५ पासून चालू झालाय. ड्रोन नियम २०२१ प्रमाणे चालू विमानतळाच्या हद्दीपासून ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात २०० फुटांपर्यंतच ग्रीन झोन (परवानगीशिवाय उडवता येणारी हवा) मिळतो, त्याच्या आत परवानगीशिवाय नाही. म्हणजे उलवे, बेलापूर, कामोठे, पनवेल विसरा, खारघरचं मोकळं मैदान कितीही छान दिसलं तरी. ग्रीन झोनमध्येसुद्धा मर्यादा ४०० फूट आहे. डिजिटल स्काय या सरकारी साइटचा नकाशा उघडून तुमची जागा बघा आणि पोलिसांचा बंदी आदेश चालू आहे का तेही विचारा, असे आदेश अधूनमधून निघतात आणि त्यात रिमोटवरची विमानंही येतात. ठाणे खाडी आणि सीवूड्सच्या पाणथळ जागांजवळ तर उडवूच नका, तिथे फ्लेमिंगो उतरतात, खाडीचा अभयारण्याचा भाग २०२२ पासून रामसर स्थळ (आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा) आहे आणि आपल्या छंदासाठी थवा उठवणं मला तरी बरोबर वाटत नाही.

बदलापूर, मुरबाडच्या बाजूला भातकापणी झाली की शेतं मोकळी होतात. मालकाला विचारून जा, बांध कुठे आहेत ते चालून बघा आणि विजेच्या तारा कुठून जातात ते आधी बघा. सकाळी ७ ते ९:३० ची वेळ घ्या. दुपारी खारे वारे सुटले की हलकं फोमचं विमान सरळ ठेवणं अवघड जातं आणि ऊन तापलं की घारी वर घिरट्या घालतात, घार जवळ आली तर उंची सोडा आणि उतरा.

पहिली फ्लाइट फक्त ट्रिमची

आधी रेंज टेस्ट करा, रेडिओ कमी पॉवर मोडवर टाकून ३० पावलं लांब जा आणि सगळे सरफेस नीट हलतात का ते कोणाला तरी बघायला सांगा.

वाऱ्याच्या समोर टेकऑफ, उंची घ्या, थ्रॉटल अर्ध्याच्या थोडा वर, आणि ट्रिम देत देत विमान हात सोडून सरळ जाईल असं करा. आता महत्त्वाची टेस्ट. ४५ अंशात वर चढवा, अर्धा रोल करून उलटं करा आणि एलेव्हेटर सोडून द्या. रेष सरळ राहिली किंवा हळूहळू खाली वळली तर तोल बरोबर आहे. झपकन जमिनीकडे वळलं तर नाक जड आहे. उलटं असताना आपणहून आकाशाकडे चढायला लागलं तर शेपूट जड आहे, लगेच उतरवा आणि बॅटरी ४-५ मिलीमीटर पुढे घ्या. मग परत हीच टेस्ट. यात एक सकाळ गेली तरी चालेल, कारण इथून पुढे प्रत्येक फिगर याच्यावर उभी आहे.

दुसरी टेस्ट, फुल थ्रॉटलवर सरळ उभं वर पाठवा. दरवेळी डावीकडे कलत असेल तर मोटर माउंटच्या डावीकडच्या स्क्रूखाली एक वॉशर घाला म्हणजे मोटर थोडी उजवीकडे वळते, २-३ अंश सहसा पुरतात.

लूप, रोल आणि उलटं उडणं

लूपला वाऱ्यासमोर या, पंख अगदी सपाट, थ्रॉटल पूर्ण, आणि एलेव्हेटर हळूहळू ओढा, एकदम नाही. वर पोचताना थ्रॉटल कमी करा आणि एलेव्हेटर थोडा सोडा, नाहीतर वरचा भाग चिमटल्यासारखा लहान होतो. उतरताना थ्रॉटल बंदच ठेवा आणि खाली सरळ होताना परत द्या. मध्येच दिशा सरकली तर रडरने सुधारा, एलेरॉनला हात लावलात तर लूपचा स्क्रू होतो.

रोलमध्ये आधी नाक थोडं वर करा, एलेव्हेटर सोडा, मग एलेरॉन एका बाजूला दाबून धरा. विमान उलटं झालं त्या क्षणी स्टिक किंचित पुढे, आणि सुलटं व्हायच्या आत परत मध्यावर. बहुतेकांची गडबड होते ती उलट्या अवस्थेत घाबरून स्टिक ओढली जाते म्हणून, आणि तेव्हा ओढणं म्हणजे थेट जमिनीकडे. रोल संथ करायला लागलात की रडरही लागतो: विमान पहिल्यांदा कडेवर येतं तेव्हा रोलच्या उलट बाजूचा रडर, आणि उलटं होऊन दुसऱ्यांदा कडेवर येतं तेव्हा रोलच्याच बाजूचा. ही सवय सिम्युलेटरवरच लावा.

उलटं उडताना एलेव्हेटर उलटा वाटतो, एलेरॉन मात्र तसाच राहतो. सुरुवातीला १५० फुटांच्या खाली करू नका. ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात असाल तर वर २०० फुटांची मर्यादा आहे, जागा फारच कमी उरते, त्यामुळे सरावाला लांबचीच जागा बरी. विमान तुमच्याकडे येत असताना डावी-उजवी गोंधळते, तेव्हा जो पंख खाली झुकलेला दिसतो त्याच बाजूला स्टिक न्या. आणि स्पिनमध्ये (गिरक्या घेत खाली पडणं) गेलं तर थ्रॉटल बंद, दोन्ही स्टिक मध्यावर, तरी थांबलं नाही तर फिरतंय त्याच्या उलट रडर, आणि फिरणं थांबल्यावरच हळूच एलेव्हेटर.

बॅटरी

२२०० एमएएचची लायपो (लिथियम पॉलिमर बॅटरी) २.२ अँपिअरवर चार्ज करा, लक्ष ठेवून, आणि उन्हात उभ्या गाडीत कधीच ठेवू नका. रेडिओचा टायमर पहिल्यांदा ४ मिनिटांचा लावा, उतरल्यावर व्होल्टेज चेकर लावून बघा. प्रत्येक सेल ३.७ व्होल्टच्या खाली गेला असेल तर अर्धं मिनिट कमी करा, ३.८५ च्या वर असेल तर अर्धं मिनिट वाढवा. आठवडाभर उडवणार नसाल तर ३.८ वर आणून ठेवा. आपल्या खाऱ्या दमट हवेत कनेक्टर हिरवे पडतात, म्हणून पावसाळ्यात रिसीव्हर आणि बॅटऱ्या सिलिका जेलच्या पुड्या टाकून हवाबंद डब्यात ठेवा.