कॅप, तारा, अलायनर: सोलापुरात दातांची डिजिटल ट्रीटमेंट घेताना काय बघायचं आणि काय विचारायचं

मी सोलापुरात एका डेंटल लॅबमध्ये डिझायनिंगचं काम करते, म्हणजे डॉक्टरांनी पेशंटच्या तोंडाचा स्कॅन पाठवला की त्यावर काँप्युटरवर कॅप, ब्रिज तयार करायचं काम माझ्याकडं असतं. त्यामुळं घरचे, शेजारचे, ओळखीतले सगळे एकच विचारतात, की अमक्या डॉक्टरांकडं नवीन मशीन आलंय म्हणे, तिथंच करू का? मशीन खरंच चांगली आहेत, त्यात वाद नाही. पण मशीन आहे म्हणून ट्रीटमेंट आपोआप चांगली होत नाही, आणि पेशंटला काय विचारायचं हे माहीत असलं की त्याच मशीनचा त्याला कितीतरी जास्त फायदा होतो, म्हणून हे जरा सविस्तर लिहितेय.

आधी मापाचं बघू. जुनी पद्धत सगळ्यांना माहितीये, पावडर पाण्यात कालवून ट्रेमध्ये भरायची, तोंडात दाबून धरायची, ते घट्ट होईपर्यंत गप बसायचं आणि घशाकडं गेलं की उमासे सुरू. त्या अल्जिनेटच्या मापातलं पाणी उडालं की ते आकसतं, आणि आपल्याकडचा एप्रिल-मे म्हणजे काय असतो ते सांगायला नको. प्लास्टर ओतायला उशीर झाला की मापात फरक पडलाच. आता त्याच्या जागी तोंडात फिरवायचा स्कॅनर आलाय, जाडसर पेनासारखी कांडी, टोकाला कॅमेरा. तो भराभर फोटो काढत जातो आणि सॉफ्टवेअर ते एकमेकांना जोडून दातांचं थ्रीडी मॉडेल उभं करतं. यात किरणं वगैरे काही नाहीत, नुसता प्रकाश आहे, त्यामुळं लहान पोरांना, गरोदर बाईला कुणालाच स्कॅनची भीती बाळगायचं कारण नाही.

स्कॅन करताना तुमचंही थोडं काम असतं. टोक जरा कोमट लागतं, वाफ धरू नये म्हणून ते गरम ठेवलेलं असतं, दचकू नका. डॉक्टर बहुतेक वेळा शेवटच्या दाढेच्या चावायच्या बाजूनं सुरू करतात, मग जिभेकडची बाजू, मग गालाकडची. या वेळात जीभ मध्ये मध्ये आणायची नाही, गाल सैल सोडायचा, नाकानं श्वास घ्यायचा. स्क्रीनवर दात एकेक करून तयार होत जातात आणि जिथं कॅमेरा पोचला नाही तिथं भोकं दिसतात. स्क्रीन आपल्याकडं फिरवायला बिनधास्त सांगा, ती भोकं तुम्हालाही दिसतील. शेवटी दात मिटायला सांगतात ते सगळ्यात महत्त्वाचं. पुष्कळ लोक तेव्हा फोटोला उभं राहिल्यासारखं समोरचे दात जुळवून बसतात. तसं नाही करायचं, घास चावताना मागच्या दाढा जशा बसतात तसंच मिटायचं. इथं चूक झाली की कॅप उंच येते आणि मग ती घासत बसावी लागते.

कॅपसाठी दात बारीक केल्यावर हिरडीजवळ जी कडा तयार होते तिला आम्ही मार्जिन म्हणतो, आणि माझ्या टेबलावर बसून सांगते, निम्म्याहून जास्त खेळ त्या कडेचा आहे. स्कॅनरला फक्त उजेड पडतो तेवढंच दिसतं. कडेवर रक्ताचा थेंब असला, लाळ असली, हिरडी वर आलेली असली तर फाईलमध्ये तिथं कडा नसते, नुसता वितळल्यासारखा उंचवटा असतो. सॉफ्टवेअर त्यावरून अंदाजानं एक रेघ ओढून देतं आणि ती दिसायला छान दिसते, पण ती खरी नसते. त्या रेघेवर कॅप केली की फट राहणार, फटीत अन्न अडकणार आणि काही दिवसांनी आतून कीड. म्हणून अशी फाईल आली की आम्ही डॉक्टरांना फोन करून परत स्कॅन मागतो. तुम्हाला परत बोलावलं तर कृपा करून चिडू नका, ते डॉक्टर तुमचं काम नीट करायलेत. चांगले डॉक्टर आधी हिरडीत बारीक दोरा घालून कडा मोकळी करतात, रक्त थांबवतात, मगच स्कॅन घेतात. तुम्ही एवढंच विचारा, "डॉक्टर, कडा सगळीकडून स्पष्ट आलीय का? मला मोठं करून दाखवा." हा एक प्रश्न कुठल्याही ब्रँडच्या चौकशीपेक्षा मोलाचा आहे.

पुढं लॅबमध्ये काय होतं तेही सांगते, कारण लोकांना वाटतं डिजिटल म्हणजे एका दिवसात. आपल्या सोलापूरकरांना हे पटकन कळेल. चादरीच्या मागावर पूर्वी पंच केलेली कार्डं लागायची, आता इलेक्ट्रॉनिक जकार्डला डिझाईनची फाईल दिली की झालं, पण म्हणून सूत हलकं असलं तर चादर चांगली निघत नाही, तसंच हे. झिरकोनिया म्हणजे दातासारखं पांढरं, कडक सिरॅमिक, त्याची कॅप मशीन एका खडूसारख्या मऊ चकतीतून कोरतं, आणि मुद्दाम साधारण २० ते २५ टक्के मोठी कोरतं, कारण नंतर ती भट्टीत १५०० अंशांच्या आसपास तापवली की तेवढी आकसते आणि कडक होते. त्यानंतर रंग, पॉलिश. यात वेळ जातोच. खुर्चीवर बसल्या बसल्या कॅप करून देणारी मशीनही असतात, ती कल्पना नवी नाही, झुरिकमध्ये १९८५ साली अशा मशीननं पेशंटचं पहिलं काम झालं होतं, पण त्यासाठी क्लिनिकमध्येच मिलिंग मशीन, म्हणजे कॅप कोरणारं मशीन लागतं. तेव्हा "स्कॅनर आहे" आणि "आजच कॅप मिळेल" या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, दोन्ही वेगवेगळ्या विचारा.

कॅप आली की पक्की चिकटवायच्या आधी ट्रायल होते, तिथं घाई करू देऊ नका. निळा किंवा लाल कागद चावायला देतात, कुठं जास्त टेकतंय त्याचा ठसा पडतो. शेजारच्या दातामधून फ्लॉसचा धागा थोडा अडकून, टक करून गेला पाहिजे, सहज सरकला तर फट आहे. तोंड बधिर असेल तर चावल्याचं खरं कळत नाही हे डॉक्टरांना सांगा. आणि पूर्ण कवळी करायची असेल तर स्कॅनरच पाहिजे असा हट्ट धरू नका. दात नसलेल्या मऊ, हलणाऱ्या हिरडीवर स्कॅनरला पकड मिळत नाही, तिथं जुन्या पद्धतीचं माप आजही चांगलं येतं. एक-दोन दातांना स्कॅन झकास, पूर्ण जबडा एका दमात घेतला की बारीक बारीक चुका साठत जातात, हेही लक्षात असू द्या.

आता एक्स-रे. आरव्हीजी म्हणजे एक-दोन दातांचा छोटा डिजिटल एक्स-रे, सेन्सर तोंडात ठेवतात आणि क्षणात स्क्रीनवर येतो. ओपीजी म्हणजे दोन्ही जबड्यांचा एक लांब एक्स-रे. सीबीसीटी म्हणजे थ्रीडी. छोट्या एक्स-रेत किरणं अगदी थोडी, काही मायक्रोसिव्हर्ट (किरणं मोजायचं एकक), ओपीजीत साधारण १० ते २५, आणि सीबीसीटीत केवढा भाग घेतला त्यावर काही दहांपासून काही शेकड्यांपर्यंत. तुलनेला सांगते, निसर्गातूनच माणसाला वर्षाला जगभराच्या सरासरीनं २४०० च्या आसपास मिळतात. म्हणजे घाबरून एक्स-रे टाळायचा नाही, पण नुसत्या किडीसाठी कुणी अख्ख्या जबड्याचं सीबीसीटी सांगायला लागलं तर का ते विचारायचं. इम्प्लांटला, म्हणजे हाडात स्क्रू बसवून नवीन दात करायला मात्र ते लागतंच म्हटलं तरी चालेल, कारण हाड किती रुंद आहे, खालच्या जबड्यातली नस कुठून जाते, वर सायनस, म्हणजे गालाच्या हाडातली पोकळी किती जवळ आहे हे सपाट फोटोत नीट कळत नाही. गरोदर असाल तर आधी सांगा. आणि सॉफ्टवेअर एक्स-रेवर लाल चौकोन करून "कीड" दाखवायला लागलंय हल्ली, तर तो इशारा समजायचा, निकाल नाही. डॉक्टरांनी तोंडात बघून, तपासून सांगितल्याशिवाय ड्रिल सुरू करू देऊ नका.

फायली मागून घ्या. व्हॉट्सॲपवर आलेला ओपीजीचा फोटो दाबून बारीक झालेला असतो, पुण्याच्या डॉक्टरांना दाखवायला तो पुरत नाही. सीबीसीटीचा पूर्ण डायकॉम फोल्डर (मूळ, न दाबलेल्या फायली) पेनड्राईव्हवर किंवा लिंकवर, आणि स्कॅनची एसटीएल, म्हणजे थ्रीडी मॉडेलची फाईल मागा. लोक दुसरं मत घ्यायला सकाळची गाडी पकडून पुण्याला जातात आणि तिथं परत सगळे एक्स-रे काढतात, पैसेही दुप्पट आणि किरणंही. फाईल आधी पाठवली तर कधी कधी जायचीही गरज पडत नाही.

अलायनरवर जास्त लिहायचंय, कारण आता लग्नाच्या आधी, कॉलेजच्या पोरापोरींना तेच हवं असतं. तारा नकोत, दिसत नाही असं काहीतरी पाहिजे. अलायनर म्हणजे पातळ पारदर्शक साचे, प्रत्येक साचा दात थोडासाच ढकलतो, साधारण पाव मिलिमीटरपर्यंत, मग एक-दोन आठवड्यांनी पुढचा. १९९७ मध्ये अमेरिकेत सुरू झालेल्या अलाइन टेक्नॉलॉजी कंपनीनं इनव्हिझलाइन आणलं तिथून हा प्रकार जगभर गेला. डॉक्टर तुम्हाला स्क्रीनवर दात सरळ होतानाची फिल्म दाखवतात, आणि ती बघूनच लोक होकार देतात. माझं म्हणणं इथंच आहे. ती फिल्म म्हणजे प्लॅन आहे, वचन नव्हे. दात हाडातून सरकतो, एका बाजूचं हाड विरघळतं, दुसऱ्या बाजूला नवीन तयार होतं, आणि हाड आपल्या गतीनंच चालतं, काँप्युटरवर कितीही पटकन सरकवलं तरी. गोल दात फिरवणं, दात खाली ओढून आणणं या गोष्टी अलायनरला अवघड जातात. म्हणून फिल्म बघताना विचारा: किती साचे, कुठल्या दातांवर चिकटवायचे छोटे उंचवटे येणार, दातांच्या मध्ये घासणार का आणि किती, मुळं हाडाच्या आत राहतायत का, आणि शेवटी नीट बसलं नाही तर परत स्कॅन करून जादा साचे त्याच पैशात की वेगळे?

रोज २० ते २२ तास घालावे लागतात. खाताना काढायचे, पाण्याशिवाय काही पिताना काढायचे. गरम चहानं साचा वाकडा होतो, तसाच तो उन्हात गाडीच्या डिकीत ठेवला तरी होतो. एक मोठा फायदा इथल्या लोकांना म्हणून सांगते, तारा असल्या की कडक भाकरी बंद, दाताला चिकटवलेला ब्रॅकेट निघून येतो, अलायनरला मात्र काढायचा, कडक भाकरी शेंगाचटणी खायची, ब्रश करायचा, परत घालायचा. पण तो ब्रश झालाच पाहिजे. दिवसभर मावा, तंबाखू, मिसरी चालू असेल तर आधी ते बंद करा, हिरड्या तपासून घ्या. हिरड्या सुजलेल्या, हाड गेलेलं असताना दात हलवायला घेणं धोक्याचं आहे, मग तारा असोत की अलायनर.

सगळ्यांनाच अलायनर जमत नाही. पोरगं शाळेत डबा खाताना काढून रुमालात गुंडाळून ठेवतं आणि हरवतं, अशाला ताराच बऱ्या. वाढत्या वयात जबडाच मागं किंवा पुढं असेल तर वेगळी उपकरणं लागतात आणि त्याची वेळ निघून गेली की परत येत नाही, म्हणून सातव्या वर्षाच्या आसपास एकदा ऑर्थोडोंटिस्टला दाखवून ठेवा. ऑर्थोडोंटिस्ट म्हणजे बीडीएसनंतर तीन वर्षांचं एमडीएस त्याच विषयात केलेला. पाटीवर डिग्री असते, रजिस्ट्रेशन महाराष्ट्र स्टेट डेंटल कौन्सिलचं असतं, विचारायला लाजू नका. बजेट कमी असेल तर केगावच्या डेंटल कॉलेजलाही चौकशी करा, कॉलेजात वेळ जास्त जातो पण शिक्षक बघत असतात.

घरी किट मागवून स्वतःच माप पाठवायचं आणि पोस्टानं अलायनर, हे करू नका. एक्स-रे नाही, हिरडी कुणी बघितली नाही, मूळ कसंय माहीत नाही. अमेरिकेतली स्माईलडायरेक्टक्लब ही अशीच मोठी कंपनी डिसेंबर २०२३ मध्ये बंद पडली आणि लोकांची ट्रीटमेंट अर्ध्यात लटकली. पुण्या-मुंबईच्या डॉक्टरांकडं करत असाल तरी हेच विचारा, उंचवटा निघाला, साचा बसेना झाला तर इथं सोलापुरात कोण बघणार?

पैशाचं सगळं कागदावर घ्या. स्कॅन, तात्पुरती कॅप, लॅब, जादा साचे, रिटेनर (सरळ झालेले दात जागेवर धरून ठेवणारा साचा), प्रत्येकाचे वेगळे की एकत्र. रिटेनर हा शब्द बहुतेक लोक शेवटी ऐकतात आणि तेव्हा चिडतात, म्हणून सुरुवातीलाच ऐका: दात सरळ झाल्यावर ते जुन्या जागी जायला बघतात, त्यामुळं रिटेनर रात्री घालावा लागतो, आणि तोही वर्षानुवर्षं. ट्रीटमेंट संपली त्याच दिवशी शेवटचा स्कॅन करून फाईल घेऊन ठेवा. उद्या रिटेनर तुटला, नोकरीला दुसऱ्या गावाला गेलात, तर त्या फाईलवरून मॉडेल प्रिंट करून नवीन रिटेनर करता येतो, पण लगेच करा, कारण महिनाभर रिटेनरशिवाय काढला तर दात सरकलेले असतात आणि मग त्या जुन्या फाईलवर केलेला रिटेनर बसत नाही.