सूक्ष्म उद्योगांच्या कामात येताय? आधी पैशाची वाट शिका

एमएसडब्ल्यू किंवा ग्रामीण व्यवस्थापन शिकून ‘उद्योजकता समन्वयक’ म्हणून रुजू होणाऱ्यांच्या डोक्यात बहुतेक वेळा प्रशिक्षण, पॅकिंग, लेबल, प्रदर्शन असं काहीबाही असतं. पहिल्याच महिन्यात हातात येतात त्या फायली. कोटेशन, घराचा नमुना ८, ग्रामपंचायतीचं ना हरकत, उद्यम नोंदणी, प्रकल्प अहवाल. मराठवाड्यात बचत गटांच्या छोट्या उद्योगांसाठी मी हेच काम करत आले. नवीन मुलामुलींना माझं पहिलं सांगणं असतं, की लोणच्याची चव आणि पापडाची लाटी त्या बायकांना तुमच्यापेक्षा चांगली कळते. तुम्ही पैसा कुठून निघतो, कुठे अडतो आणि कुणाच्या सहीने सुटतो ते शिका.

योजनांची नावं महिन्याभरात पाठ होतात, त्यामुळे त्यात फार रमत नाही. ‘उमेद’ हे बचत गटांचं ग्रामीण जीवनोन्नती अभियान २०११ पासूनचं, त्यात केंद्राचे ६० आणि राज्याचे ४० टक्के. माविम, म्हणजे महिला आर्थिक विकास महामंडळ, त्याहून जुनं, १९७५ चं. कर्ज-अनुदानाच्या बाजूला स्वयंरोजगाराची पीएमईजीपी २००८ ची, छोट्या कर्जांची मुद्रा २०१५ ची, अन्नप्रक्रियेची पीएमएफएमई २०२० ची. शेवटची आपल्याकडे कृषी विभाग राबवतो. पीएमईजीपीसाठी बहुतेकदा जिल्हा उद्योग केंद्र किंवा खादी मंडळ गाठावं लागतं. म्हणजे एकाच बाईच्या एकाच शेवयांच्या धंद्यासाठी तीन खात्यांची तीन दारं, आणि चौथं दार बँकेचं. निर्णय त्या चौथ्या दाराआड होतो.

अनुदान कसं चालतं, हे मात्र नीट समजून घ्या, कारण गावात त्याचा सगळ्यात मोठा गोंधळ असतो. पीएमईजीपीत ग्रामीण महिलेला ३५ टक्के अनुदान आणि स्वतःचा हिस्सा ५ टक्के. गावात ही बातमी ‘पस्तीस टक्के माफ’ अशी पोचते. खरं तर ती रक्कम तिच्या नावाने तीन वर्षं बँकेत ठेव म्हणून राहते. ठेवीवर व्याज मिळत नाही आणि तेवढ्या कर्जावर व्याज लागत नाही. तीन वर्षांत युनिट चालू राहिलं, तरच ती कर्जात वळती होते. पीएमएफएमईतही अनुदान ३५ टक्केच, कमाल १० लाख, आणि तिथेही तीन वर्षांची अट आहे. हे पहिल्या बैठकीतच, नवरा आणि सासू समोर बसलेले असताना सांगून टाकायचं. नंतर सांगितलं तर ‘मॅडमनी फसवलं’ असंच होतं.

आता पापड-कुरडयांचा गट घ्या. त्यांचं वर्ष माघात सुरू होतं आणि मृगाच्या आत संपतं. ऊन आहे तोवर धंदा. सरकारचं वर्ष मार्चअखेर संपतं, त्यामुळे उद्दिष्टाची घाई जानेवारीला सुरू होते आणि मंजुरीची पत्रं मार्चच्या शेवटच्या आठवड्यात भराभर निघतात. पण मंजुरी म्हणजे पैसे नव्हेत. करारनामा, विमा, यंत्रवाल्याच्या खात्यावर रक्कम, यंत्र येणं, एवढ्यात मे उलटतो. एका गावात यंत्र टेम्पोतून उतरलं त्याच आठवड्यात पहिला पाऊस झाला. यंत्राची मोटर थ्री फेजची आणि घरात सिंगल फेज. बाहेरून करून आणलेल्या प्रकल्प अहवालात खेळत्या भांडवलाचा रकाना जवळपास कोरा होता, त्यामुळे यंत्र आलं तरी उडीद डाळ, पापडखार आणि हिंगाला पैसे नव्हते. हप्ता मात्र सुरू झाला. तो बायकांनी खुरपणीच्या मजुरीतून भरला. कागदावर हे प्रकरण ‘यशस्वी’ आहे आणि अजूनही तसंच मोजलं जातं.

यावर उपाय आहेत, आणि ते शिकणं हेच या कामातलं कौशल्य. हंगामी धंद्याची फाईल दिवाळीच्या आत बँकेत गेली पाहिजे. हप्त्याला मोरेटोरियम (सुरुवातीच्या काही महिन्यांची सवड) लेखी मागायचा. प्रकल्प अहवाल त्या बाईसमोर बसून, तिच्या महिन्यांनुसार लिहायचा. डाळ कधी स्वस्त असते, उधारी कधी वसूल होते, पाहुणे-सण कधी असतात, हे सगळं त्यात यायला हवं. सीएकडून आणलेला तयार नमुना बँकेला चालतो. धंद्याला चालत नाही.

पण हे बसून लिहायला वेळ कुणाचा आणि त्याचे पैसे कोण देणार? माझ्या मते निधीच्या सगळ्या चर्चेत हाच प्रश्न मागे पडतो. यंत्राला अनुदान आहे, व्याजाला सवलत आहे, मेळाव्याच्या मांडवालासुद्धा तरतूद असते. सोबत करणाऱ्या माणसाला नसते. पीएमएफएमईत निदान जिल्हा संसाधन व्यक्ती हे पद तरी आहे. प्रत्येक प्रकरणामागे २० हजार रुपये. निम्मे कर्ज मंजूर झाल्यावर आणि निम्मे नोंदण्या, प्रशिक्षण, युनिट उभं राहणं हे सगळं झाल्यावर. ही कल्पना चांगली आहे, मला ती आवडते. तरी पैसे मंजुरीला बांधले, की माणूस मोठी आणि सोपी प्रकरणं आधी धरणार. दहा लाखांचं बेकरी युनिट आणि साठ हजारांचं मसाला कांडप यांना सारखेच पैसे मिळत असतील, तर कांडपवालीकडे कोण जाईल? आणि धंदा बुडतो तो बहुधा दुसऱ्या वर्षी. त्या वर्षासाठी कुणालाच काही मिळत नाही.

सरकारकडच्या पाठपुराव्याची पहिली मागणी म्हणून हीच धरा, असं मी सांगेन. नव्या योजनेची मागणी करणं सोपं असतं, पुढाऱ्यांनाही ती आवडते. चालू योजनेत दुसऱ्या वर्षाच्या सोबतीसाठी रक्कम मागणं कंटाळवाणं आहे, पण उपयोग त्याचाच होतो.

दुसरा मुद्दा आकड्यांचा. १ एप्रिल २०२५ पासून ‘सूक्ष्म’ उद्योग म्हणजे अडीच कोटींपर्यंत गुंतवणूक आणि दहा कोटींपर्यंत उलाढाल. त्याआधी ही मर्यादा एक कोटी आणि पाच कोटी होती. कांडपवाली आणि नऊ कोटींचा कारखानदार एकाच रकान्यात. बँकांना एकूण कर्जाच्या साडेसात टक्के सूक्ष्म उद्योगांना द्यायचे असतात, आणि हे उद्दिष्ट भरलं असं सांगितलं जातं तेव्हा ते मोठ्यांवरच भरलेलं असू शकतं. म्हणून बैठकीत ‘सूक्ष्म उद्योगांना किती दिले?’ असं विचारू नका. ५० हजारांच्या आतली किती, दोन लाखांच्या आतली किती, त्यात महिला किती, असं शाखावार मागा. ही माहिती पहिल्या झटक्यात मिळत नाही. मागितल्याची नोंद इतिवृत्तात आली, की पुढच्या बैठकीत उत्तर द्यावं लागतं.

बैठक कोणती? तालुक्याला बीएलबीसी, म्हणजे तालुक्यातल्या बँकांची समिती, जिल्ह्याला जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालची बँकर्स समिती. अग्रणी बँक व्यवस्थापक, म्हणजे एलडीएम, हा तुमच्या कामातला फार महत्त्वाचा माणूस. त्यांच्याशी बोलणं-चालणं ठेवा. शिवाय नाबार्ड दरवर्षी जिल्ह्याचा संभाव्य पतआराखडा करते. तो तयार होत असतानाच त्यात गटांच्या उद्योगांचे आकडे गेले, तर नंतर भांडावं लागत नाही.

आमच्याकडे परत आलेल्या अर्जांबद्दल तक्रारी ढिगाने होत्या, आणि ‘बँका सहकार्य करत नाहीत’ हे वाक्य प्रत्येक बैठकीत म्हटलं जायचं. कुणी मान वर करून बघायचं नाही. मग आम्ही अर्ज क्रमांक, दिल्याची तारीख, परत आल्याची तारीख आणि बँकेने दिलेलं कारण जसंच्या तसं, असा तक्ता केला आणि तो कारणांनुसार लावला. सगळ्यात वर कारण आलं ‘पतीच्या नावे थकबाकी’. नवऱ्याचं जुनं पीककर्ज, आणि अडलं बायकोचं शिवणकाम. त्याखाली ‘तारण नाही’. दहा लाखांपर्यंतच्या सूक्ष्म उद्योग कर्जाला तारण मागू नये, ही रिझर्व्ह बँकेची सूचना तेव्हाही जुनीच होती. तिची प्रत टाचून तक्ता बैठकीत ठेवला. त्या दिवशी पहिल्यांदा एका शाखाधिकाऱ्याला उभं राहून खुलासा करावा लागला. तारणाची प्रकरणं बऱ्यापैकी सुटली. थकबाकीची निम्मीही सुटली नाहीत, कारण तिथे नियमापेक्षा शाखेची भीती मोठी असते.

राज्याच्या पातळीवर जायचं असेल, तर अर्थसंकल्पाचं कॅलेंडर भिंतीवर लावा. पुढच्या वर्षाचे प्रस्ताव खात्यांमध्ये पावसाळा सरता सरता तयार होऊ लागतात. फेब्रुवारीत मंत्र्यांना निवेदन देऊन फोटो तेवढा मिळतो. हुकलंच, तर पावसाळी किंवा नागपूरच्या अधिवेशनातल्या पुरवणी मागण्या असतात. आणि चार गोष्टी वेगवेगळ्या ओळखा: घोषणा, शासन निर्णय, तरतूद, आणि तरतूद बीडीएसवर, म्हणजे सरकारच्या निधीवाटपाच्या संगणक प्रणालीवर, येणं. बातमी पहिल्याची होते, पैसे चौथ्याला मिळतात. ‘साहेब, निधी आला का?’ असं न विचारता लेखाशीर्ष (योजनेच्या खर्चाचा संकेतांक) सांगून ‘बीडीएसवर किती आलंय?’ असं विचारलं, की समोरचा बाबू खुर्ची पुढे करतो.

निवेदन कुणाच्या लेटरहेडवर जातंय, यानेही फरक पडतो. संस्थेचं पत्र आवक-जावकमध्ये जातं. प्रभागसंघाचा, म्हणजे बचत गटांच्या वरच्या संघाचा, ठराव, त्यावर पदाधिकारी महिलांच्या सह्या, आणि त्यातल्या दोघीजणी आमदारांसमोर स्वतः बोलायला, हे वजनदार असतं. कारण त्या मतदार आहेत आणि त्यांच्या मागे गावं आहेत. तुम्ही आकडे तयार करून द्या आणि मागच्या खुर्चीत बसा. अभियानाचे कंत्राटी कर्मचारी असाल, तर शासनाकडे मागणी करणं तुम्हाला तसंही अवघड जाईल.

नोकरीबद्दलही स्पष्ट बोलते. पदं बहुतेक अकरा महिन्यांच्या करारावर किंवा प्रकल्प असेपर्यंत. दुसऱ्यांची उपजीविका उभी करणाऱ्यांची स्वतःची उपजीविका दर मार्चला टांगणीला लागते, आणि ‘उमेद’चे कर्मचारी आणि केडर, म्हणजे सीआरपी ताईंसारख्या गावातल्या मानधनावरच्या कार्यकर्त्या, स्वतःच्या मागण्यांसाठी आझाद मैदानात बसले ते उगाच नाही. म्हणून मुलाखतीत पगाराच्या आधी दोन गोष्टी विचारा: या पदाचा पैसा कोणत्या प्रकल्पातून आणि कधीपर्यंत आहे, आणि दुसऱ्या वर्षीच्या सोबतीची तरतूद त्यात आहे का. ‘फॉलोअप सीआरपी ताई करतील’ असं उत्तर आलं, तर ताईंना त्याचे किती देता, हेही तिथेच विचारून घ्या.