‘पहिला’ हा शब्द लिहिण्यापूर्वी: राष्ट्रीय युवा वाद्यवृंदांच्या इतिहासाचा अभ्यास करणाऱ्यांसाठी

राष्ट्रीय युवा वाद्यवृंदांच्या इतिहासावर काम सुरू करणारे विद्यार्थी अधूनमधून मला आपला आराखडा वाचायला देतात, आणि त्यातले पहिले वाक्य वाचताना आजही माझ्या पोटात गोळा येतो. माझ्या प्रबंधाचे पहिले वाक्यही तसेच होते: ‘ग्रेट ब्रिटनचा राष्ट्रीय युवा वाद्यवृंद हा जगातील पहिला होय.’ रूथ रेल्टन यांनी तो उभा केला आणि २१ एप्रिल १९४८ रोजी बाथ येथे त्याची पहिली मैफल झाली, एवढे ठाऊक असल्यामुळे शंका घेण्याचे मला काही कारण दिसले नव्हते. तोंडी परीक्षेत एकच प्रश्न आला, “मग वेल्सचे काय?” माझ्याकडे उत्तर नव्हते. प्रबंध परत आला आणि दुरुस्तीत आठ महिने गेले.

शाळा तपासनीस असलेल्या इर्विन वॉल्टर्स यांनी स्थापन केलेल्या वेल्सच्या राष्ट्रीय युवा वाद्यवृंदाचे स्थापना वर्ष १९४५ आहे. हे मी वाचलेले नव्हते असे नाही. वाचूनही, वेल्स हा ब्रिटनचाच भाग म्हणून, ते ‘प्रादेशिक’ ठरवून बाजूला ठेवले होते, आणि माझी खरी चूक तीच. ‘राष्ट्रीय’ या शब्दाचा अर्थ मी स्वतःच ठरवून टाकला होता, तर वेल्सच्या लोकांनी तो आपल्या राष्ट्रासाठी जाणीवपूर्वक वापरला होता. हा शब्द दर ठिकाणी वेगळे काही सांगतो. वाद्यवृंद संचालक (कंडक्टर) लिओपोल्ड स्टोकोव्स्की यांनी १९४० मध्येच अमेरिकाभरातून निवडलेल्या तरुण वादकांना दक्षिण अमेरिकेच्या दौऱ्यावर नेले होते. तो वाद्यवृंद टिकला नाही, आणि आज राष्ट्रीय म्हणून ओळखला जाणारा अमेरिकेचा युवा वाद्यवृंद न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉल या संगीतगृहाने उभारला व तो २०१३ मध्ये प्रथम वाजला. देशभरातून निवड हा निकष धरला तर १९४० विसरता येत नाही; अखंड चालत आलेली संस्था हा निकष धरला तर १९४५ येते. युरोपीय समुदायाच्या (आजच्या युरोपीय संघाच्या पूर्वरूपाच्या) युवा वाद्यवृंदाची स्थापना १९७६ ची आणि संचालक क्लाउडिओ अब्बादो यांच्यासोबतचा पहिला दौरा १९७८ चा, त्यामुळे तेथे कोणते साल लिहायचे हाही प्रश्नच आहे. स्थापनेचा निर्णय, पहिली निवड चाचणी, पहिले शिबिर आणि पहिली मैफल या चार वेगळ्या घटना आहेत. यांपैकी कोणती मोजता आहात ते पहिल्याच पानावर लिहा. लिहिले नाही, तर पुढची सारी तुलना कोसळेल.

ही चूक जवळजवळ प्रत्येकाकडून होते, आणि ती निस्तरता येते, म्हणून घाबरू नका. मात्र वर्धापनदिनाच्या स्मरणिकांवर प्रबंध उभा करू नका. युवा वाद्यवृंदातील मुले वयोमर्यादा संपली की बाहेर पडतात (ब्रिटनच्या वाद्यवृंदात आज ती १३ ते १९ वर्षे आहे), आणि मागे राहतात ते व्यवस्थापक व संस्थापक. रेल्टन १९६५ पर्यंत प्रमुखपदी होत्या. जे राहतात त्यांच्याच आठवणी छापल्या जातात, म्हणून जे गेले त्यांना शोधावे लागते. हे काम कष्टाचे आहे आणि मार्गदर्शक सहसा ते टाळायला सुचवतात. माझे स्पष्ट मत आहे, की ज्याने कधी वाद्यवृंदात बसून वाजवलेले नाही असा मार्गदर्शक संदर्भसूची उत्तम तपासेल, पण कोणाला काय विचारायचे हे त्याला सांगता येणार नाही.

माझ्या हाती ब्रिटनच्या वाद्यवृंदाची पन्नाशीच्या दशकातील एक कार्यक्रमपत्रिका आली होती. तिच्यावर वार, तारीख आणि महिना होता, साल नव्हते. जुन्या पत्रिकांत हे फार आढळते. वार आणि तारीख यांची जोडी पाच, सहा किंवा अकरा वर्षांनी पुन्हा जुळते, त्यामुळे दोन साले शक्य होती. संचालक म्हणून वॉल्टर सुस्किंड यांचे नाव होते, पण पुढे १९६० मध्ये कॅनडाचा राष्ट्रीय युवा वाद्यवृंद स्थापन करणारे हे गृहस्थ त्या दशकात ब्रिटनच्या मुलांसमोर अनेकदा उभे राहिले होते, त्यामुळे तेवढ्याने निर्णय होईना. शेवटच्या पानावरील वादकांच्या यादीत नावे बारीक अक्षरात होती आणि बासून या फुंकून वाजवायच्या वाद्याच्या ओळीतील एका नावापुढे पेन्सिलीने फुली मारलेली होती. त्या बाई मला सापडल्या. त्यांना साल आठवत नव्हते, वाजवलेल्या रचनाही धड आठवत नव्हत्या. सभागृहातील थंडीने बोटे आखडली होती एवढे मात्र आठवत होते. मी पत्रिका त्यांच्यापुढे ठेवली. त्यांनी फुलीवर बोट ठेवले आणि म्हणाल्या, “ही मीच केली होती. तो माझा शेवटचा कार्यक्रम. पुढच्या शिबिराला मी वयात बसत नव्हते.” त्यांचे जन्मवर्ष विचारले आणि पत्रिकेचे साल मिळाले.