पाणी तपासायला देताय? आधी या चुका टाळा

"पाणी तपासलंय, टीडीएस 80 आलाय, म्हणजे एकदम शुद्ध!" हे मी इतक्या जणांकडून ऐकलंय की आता लगेच विचारते, "आणि जंतू मोजले का?" त्यावर समोरचा गोंधळतो, कारण ते यंत्र सगळंच मोजतं अशी त्याची समजूत असते.

टीडीएसचं यंत्र पाण्यातून वीज किती सहज वाहते ते बघतं, त्या आकड्याला एका ठरावीक गुणकाने गुणतं आणि विरघळलेल्या क्षारांचा अंदाज दाखवतं. यापलीकडे त्याला काही कळत नाही. थोडंसं सांडपाणी मिसळलेल्या पाण्याचा टीडीएससुद्धा नेहमीसारखाच येऊ शकतो. आर्सेनिक या विषाचं बघा. जागतिक आरोग्य संघटनेने सांगितलेली मर्यादा लिटरला 10 मायक्रोग्रॅम आहे. पाण्यात एकूण क्षार लिटरला 300 मिलिग्रॅम असतील, तर हा त्याचा 30 हजारावा हिस्सा झाला. आर्सेनिक मर्यादेच्या दहापट असलं तरी पडद्यावरच्या आकड्यावरून तुम्हाला पत्ता लागणार नाही. हे यंत्र माझ्याकडेही आहे. आरओची मेम्ब्रेन, म्हणजे पाणी गाळणारी पडदी, थकली का, हे बघण्यापुरतं ते वापरते: आत जाणाऱ्या पाण्याचा आकडा आणि बाहेर येणाऱ्या पाण्याचा आकडा. त्यासाठी ते उत्तम आहे.

पाण्यात काय शोधायचं हे आधी ठरवावं लागतं. बांगलादेशात 1970च्या दशकापासून लाखो कूपनलिका खोदल्या, कारण तळ्या-नद्यांच्या पाण्यातल्या जंतूंनी लहान मुलं दगावत होती. जंतूंच्या बाबतीत कूपनलिकांचं पाणी खरोखरच बरं होतं. आर्सेनिक मात्र तपासलं गेलं नाही, आणि ते उघड व्हायला 1993 उजाडलं. म्हणून बोअरचं पाणी असेल तर आर्सेनिक, फ्लोराइड, नायट्रेट आणि लोह तपासून घ्या, जंतूही घ्याच. नळाचं पाणी असेल तर आधी जंतू आणि शिल्लक क्लोरीन, म्हणजे जंतू मारायला घातलेल्या क्लोरीनपैकी पाण्यात उरलेला. नळयोजना जुनी असेल तर शिसंही.

आता ज्या चुकीचा मला सर्वात जास्त त्रास होतो, तिच्याकडे येते: नमुना कसाही घेणं.

माझ्या मावशीच्या इमारतीत एका महिन्यात तीन घरांतली मुलं जुलाबांनी आजारी पडली. कुणीतरी पुढाकार घेऊन पाणी तपासायला दिलं. अहवाल स्वच्छ आला आणि सगळे निश्चिंत झाले. मुलं मात्र बरी होऊन पुन्हा आजारी पडायला लागली, तेव्हा मावशीने मला बोलावलं. नमुना कुठून घेतला होता? फाटकाजवळच्या, थेट लाइनच्या (इमारतीच्या टाकीत न जाता येणाऱ्या पाण्याच्या) नळावरून, कारण तो सोयीचा होता. कशात घेतला होता? विकतच्या पाण्याच्या रिकाम्या बाटलीत. आणि प्रयोगशाळेत पोचला दुसऱ्या दिवशी संध्याकाळी. म्हणजे जे पाणी कुणी पीत नव्हतं, ते चुकीच्या बाटलीतून, उशिरा तपासलं गेलं होतं.

क्लोरीन असलेलं पाणी साध्या बाटलीत भरलं की तो क्लोरीन वाटेतही जंतू मारत राहतो आणि नळापाशी पाणी कसं होतं ते कळतच नाही. म्हणून प्रयोगशाळेच्या निर्जंतुक बाटलीत सोडियम थायोसल्फेट घातलेलं असतं. ते क्लोरीन तिथल्या तिथे निकामी करतं. बाटलीत पांढरी भुकटी दिसली म्हणून ती विसळून घेणारे स्वच्छताप्रेमी मी पाहिलेत. ती बाटली विसळायची नाही, काठोकाठ भरायची नाही, झाकणाच्या आतल्या बाजूला बोट लावायचं नाही.

मी दोन नमुने घेतले, एक थेट लाइनचा आणि एक मावशीच्या स्वयंपाकघरातल्या नळाचा. नळाची जाळी काढली, तोंड स्पिरिटने पुसलं, दोन-तीन मिनिटं पाणी वाहू दिलं आणि मग बाटली भरली. दोन्ही बाटल्या बर्फाच्या डब्यात ठेवून चार तासांत पोचवल्या. शिल्लक क्लोरीन जागेवरच पाहिला, कारण तो बाटलीत टिकत नाही. लाइनच्या पाण्यात तो होता, घरातल्या नळात शून्य. अहवालही तसाच आला: लाइनचं पाणी स्वच्छ, घरातल्या पाण्यात ई. कोलाय, म्हणजे विष्ठेतून येणारा जंतू. पिण्याच्या पाण्याच्या मानकानुसार 100 मिलिलिटरमध्ये तो एकही नसायला हवा. जमिनीखालच्या टाकीच्या भिंतीला तडा होता आणि शेजारून सांडपाण्याचा पाइप जात होता. पहिल्याच वेळी दोन नमुने घेतले असते तर त्या मुलांचं दुसरं आजारपण टळलं असतं. तेव्हापासून मी एका नमुन्यावर कधीच थांबत नाही.

शिशासाठी मात्र नेमकं उलटं करायचं. नळ किमान सहा तास बंद ठेवायचा, पाणी वाहू द्यायचं नाही, जाळी काढायची नाही आणि सकाळचं पहिलं एक लिटर तेच भरायचं. कारण पाणी पाइपात थांबतं तेव्हा शिसं त्यात जास्त उतरतं. अमेरिकेतल्या फ्लिंट शहरात एप्रिल 2014 मध्ये पाण्याचा स्रोत बदलला आणि पाइप गंजू नयेत म्हणून घालायचं रसायन घातलं गेलं नाही. तरीही रहिवाशांना नमुन्याच्या आदल्या रात्री नळ काही मिनिटं वाहू द्यायला सांगितलं होतं. असं केलं की शिसं आहे त्याहून कमी दिसतं. 2016 मध्ये तिथल्या केंद्रीय पर्यावरण संस्थेनेच असं करू नका म्हणून कळवलं.

अहवालात "आढळले नाही" असं दिसलं की लोक कागद घडी करून ठेवून देतात. शेजारी शोधमर्यादा, म्हणजे त्या तपासणीला कमीत कमी किती प्रमाण ओळखता येतं, ती किती लिहिली आहे ते वाचा. आर्सेनिकची शोधमर्यादा 50 मायक्रोग्रॅम असेल, तर 10च्या मर्यादेसाठी तो अहवाल निरुपयोगी आहे.

नायट्रेटचं एकक बघा. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा नायट्रेट म्हणून मोजली तर लिटरला 50 मिलिग्रॅम आणि फक्त त्यातला नायट्रोजन मोजला तर 11 मिलिग्रॅम; दोन्ही एकच.

घरी पाणी तपासायची रंगपट्टी मुदत उलटलेली नको. आणि डब्यावर लिहिलेल्या सेकंदांनाच वाचा, पाच मिनिटांनी नाही.

पाणी स्वच्छ दिसतं, वास नाही, म्हणून तपासणी टाळू नका. नायट्रेट, फ्लोराइड, आर्सेनिक यांतलं काहीही डोळ्यांना दिसत नाही.

अहवाल वाईट आला की घाईघाईने टाकीत भरपूर ब्लीचिंग पावडर टाकून त्याच दिवशी पुन्हा नमुना देणारे असतात. तो स्वच्छ येतोच, आणि तडा तसाच राहतो. आधी गळती शोधा, टाकी धुवा, क्लोरीन नेहमीच्या पातळीवर येऊ द्या आणि मग तपासा. तोवर जंतूंचा प्रश्न असेल तर पाणी खळखळून उकळी आल्यावर एक मिनिट उकळत ठेवून प्या. नायट्रेट, फ्लोराइड किंवा आर्सेनिक असेल तर मात्र उकळू नका. वाफ निघून जाते आणि ते उरलेल्या पाण्यात आणखी दाट होतं. अशा वेळी पिण्यासाठी पाणी दुसरीकडून आणा.